निकिताच्या फेरीवर दादाचा आवाज

गाडी निकिताची, हात निकिताचे, राहात्याच्या माळावरच्या मातीच्या ट्रॅकवरची फेरी तिनेच मारलेली. आणि मोबाईलवरच्या व्हिडिओतून बोलत होता तिचा थोरला भाऊ ओम. 'आता ब्रेक... आता आत घ्या... बघा, कशी वळली!' निकिताला शिसारी आली. स्वतःच्याच व्हिडिओची कुणाला शिसारी येते का? तिला आली.

ओमने आवाजासाठी जिवाचं रान केलं, हे नाकारून चालणार नाही. आधीच्या व्हिडिओंत वारा आणि इंजिन मिळून असा कल्ला व्हायचा, की लोक खाली लिहायचे, 'ताई, गिरणी छान चालवता.' मग ओमने काचा बंद करायला लावल्या, वेगळा रेकॉर्डर आणला, आवाजाची पातळी खाली ठेवली. इंजिन किंचाळलं तरी आवाज फाटेना. एक माइक घोंगडीच्या तुकड्यात गुंडाळून मागच्या सीटखाली, दुसरा निकिताच्या हेल्मेटच्या अस्तरात, गालापाशी. जमलं एकदाचं. इंजिन वेगळं, चाकाखालचे खडे वेगळे, निकिताचं पुटपुटणंही वेगळं ऐकू यायला लागलं.

ते पुटपुटणंच नडलं. निकिता हाकायला शिकली ती बापाच्या बैलगाडीत. वळण आलं की तिच्या तोंडून आपोआप निघायचं, 'होऽ होऽ... दमानं... वळ गं बाई, वळ... आता पळ!'

"लई गावठी वाटतं, निके. लोक हसत्याल," असं म्हणून ओमने व्हिडिओतून ते सगळं पुसलं आणि घरात पंखा बंद करून, चित्र बघत बघत, आपल्या आवाजातली शिकवणी भरली. लोकांनी लिहिलं, 'दादांनी बहिणीला काय तयार केलंय!' हा दादा फाटकातून गाडी बाहेर काढताना चारदा बंद पाडतो. आयत्या बिळावर नागोबा म्हणतात तो हाच. वर त्या कौतुकाला हात जोडून 'धन्यवाद' लिहीत बसला होता, निर्लज्ज!

एवढ्यावर भागलं असतं तर निकिताने गिळलं असतं. पण पुण्याची एक रेसिंग टीम नवे चालक शोधत होती, आणि ओमने तिथेही हाच व्हिडिओ पाठवला. रविवारी दोघं ट्रॅकवर गाडीत बसलेले असताना त्यांचा फोन आला. ओमने स्पीकर लावला.

"व्हिडिओत बोलतंय कोण?"

"मीच, सर."

"वळणांची समज चांगली आहे तुमची. बहीण काय, सांगाल तसं करते. चाचणीला तुम्हीच या."

निकिताने ओमकडे पाहिलं. आता तरी खरं बोलेल, असं तिला वाटलं.

"येतो की, सर," ओम म्हणाला.

सख्खा भाऊ, शेजारी बसून, तिच्या तोंडादेखत! तिने त्याच्या हातून फोन हिसकावला.

"सर, गाडी मी चालवते. ह्यानं आवाज मागनं टाकलाय. खरा ऐका," म्हणत तिने रेकॉर्डरवरचा त्या फेरीचा मूळ आवाज फोनपाशी लावला. 'दमानं... वळ गं बाई, वळ...'

पलीकडचा माणूस हसला. "बैल हाकताय का?"

ओमही खो खो हसला. "सांगितलं न्हवतं का म्या?"

"व्हय, बैलच हाकते," निकिता म्हणाली. "मी 'पळ' म्हनते, मंग इंजिन पळतंय. दादाचा व्हिडिओ लावा. त्यात इंजिन आधी पळतंय अन् दादा मागनं बोलतोय. त्यो बघून बोललाय, सर. मी करून बोलले."

पलीकडे हसणं थांबलं. मग तो माणूस हळूच म्हणाला, "पुन्हा लावा बरं."

निकिताने फोन चालूच ठेवून इंजिन सुरू केलं आणि ओमच्या बाजूचं दार उघडलं. "दादा, उतर."

"अगं, पन माइक माजा..."

"माइक राहू दे," ती म्हणाली. "तू उतर."