अंबूबाईचे दात

“तोंड उघड. दात दाव,” विश्वजितदादा ओरडले.

हातकणंगल्याजवळच्या त्यांच्या रोपवाटिकेत आम्ही अठराजणी कामाला. सगळ्यांसमोर साठीच्या अंबूबाईनं तोंड उघडलं. दात काळे होते. झालं, मालकांना चोर सापडला! शेडमधल्या चाळीस हजार टोमॅटोच्या रोपांची पानं आकसून पिवळी पडली होती, आणि ती हिच्या मिश्रीमुळं, असा निकाल तिथल्या तिथं लागला. तंबाखूच्या हातानं रोपांना रोग लागतो म्हणून आमच्याकडं मिश्रीला बंदी.

“मिश्री सोडून बारा वरसं झाली, दादा. दात काय परत पांढरं हुत्यात व्हय?”

“मग रोग आभाळातनं पडला काय? ह्यो वाण रोग घेत न्हाय म्हणून तर आणला हुता. उद्यापासनं यायचं न्हाय.”

अंबूबाईनं माझ्याकडं पाहिलं. मिश्रीची डबी माझ्या कमरेला आहे, हे तिला ठाऊक होतं. सकाळीच पाण्याच्या टाकीमागं बसून मी लावून आले होते. मी मान खाली घातली आणि ट्रेमधली रोगट रोपं उपटत बसले. त्या मान खाली घालण्याची मला आजही चीड येते.

पंधरा दिवसांनी कोल्हापूरहून प्रयोगशाळेच्या संयोगिता मॅडम अहवाल घेऊन आल्या. शेडच्या कोपऱ्यात गेल्या हंगामाची, जुन्या वाणाची झाडं होती, त्यांच्यापाशी थांबल्या.

“इथं एकाच झाडात दोन वेगळे विषाणू शिरले. एकाचा तुकडा दुसऱ्याला जोडला गेला आणि तिसराच तयार झाला. असे जोडून झालेले बहुतेक टिकत नाहीत. हा टिकला, आणि पहिल्या दोघांपेक्षा वरचढ निघाला. तुमचा वाण त्या दोघांना अडवतो, याला नाही. पांढरी माशी याला रोपारोपावर नेते.”

“आणि मिश्री?” मी विचारलं.

“तिचा काय संबंध? हा हातानं पसरतच नाही. ही झाडं कधीच उपटायला हवी होती.”

दिवाळीपासून अंबूबाई हेच तर सांगत होती! पाहुण्यांना लालभडक टोमॅटो दाखवायचे म्हणून मालकांनीच ती ठेवली होती. आता त्यांनी अहवालाची घडी करून खिशात घातली.

“नजीरा, म्हातारीला म्हणावं सोमवारपासनं ये.”

एवढंच. अठराजणींसमोर तिचे दात बघणाऱ्या माणसाला एकीसमोरही ‘चुकलं’ म्हणवलं नाही.

संध्याकाळी मी तिच्या घरी गेले. अंबूबाई दारात शेंगा फोडत बसली होती. मी सगळं घडाघडा सांगितलं.

“मिश्रीनं न्हाय, मावशी. माशीनं रोग आला!”

“माझ्यामुळं न्हाय, एवढं मला ठावं हुतं.”

“मग सोमवारी येतीस न्हवं?”

“न्हाय.”

“मालक चुकलंच, पर...”

“मालकाचं मरू दे. त्यो मला कुठं वळखतो? तू वळखत हुतीस की गं. इतकी वरसं एका जागी बसून जेवलो आपण.”

“माझंबी काम गेलं असतं, मावशी.”

“व्हय. गेलं असतं.”

तिनं शेंगांचं सूप उचललं आणि ती आत गेली. दार उघडंच होतं. मला चपला काढायचा धीर झाला नाही.