मानेचा दावा

गोरेगावचा बाजार करून दगडोबा आणि नर्मदाबाई बैलगाडीनं साखऱ्याला परतत होते. निजामाच्या राजवटीतले दिवस, त्या रस्त्याला मोटार दिसायची ती एकच, कापसाच्या जिनवाल्या शेटजींची. दिवस मावळता मावळता तीच मोटार उतारावर मागून आली आणि गाडीवर आदळली. डावीकडचा बैल रस्त्याकडेच्या चारीत कोसळला, त्याचा पुढचा पाय मोडला. मागं बसलेल्या नर्मदाबाईची मान झटक्यानं मागं गेली आणि तितक्याच झटक्यानं पुढं आली.

ड्रायव्हर बाबूसिंग खाली उतरला. त्यानं आधी मोटारीचा दिवा पाहिला, मग बैल पाहिला, मग विचारलं, "बाई, तुमाला लागलं का?"

"न्हाई. मला काई झालं न्हाई. त्या मुक्या जिवाकडं बघा."

ती खरं तेच बोलत होती. तेव्हा तिला काहीच दुखत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिला अंथरुणावरून डोकं उचलता येईना. दोन्ही हातांनी डोकं धरून ती उठून बसली, तर मानेतून निघालेली कळ खांद्यात उतरली. बोटांना मुंग्या आल्या. डोक्यावर घागर घेतली की डोळ्यांपुढं अंधारी यायची. कुणी हाक मारली तर मान वळेना, सगळं अंगच वळवावं लागायचं.

"रगत न्हाई, सूज न्हाई," सासू द्वारकाबाई शेजारणीला म्हणाली. "कामाचा कटाळा, दुसरं काय!"

शेटजींना गावात नाव राखायचं होतं. आठवडा उलटायच्या आत त्यांच्या मुनिमानं एक उमदा लाल बैल आणून चावडीपुढं बांधला. मोडलेला पाय सगळ्या गावानं पाहिला होता, त्यामुळं बोलण्यासारखं काही नव्हतं. पाटलाच्या देखत कासरा दगडोबाच्या हातात देऊन मुनीम म्हणाला, "आता काही तक्रार?"

"काई न्हाई," दगडोबा म्हणाला. नर्मदाबाई तेव्हा घरात भिंतीला डोकं टेकून बसली होती.

शेक झाला, तेल झालं. मानेवर बिब्ब्याचे चटके देऊन झाले. उन्हाळा सरत आला तरी कळ जाईना. शेवटी दगडोबानं हिंगोलीला जाऊन दत्तोपंत वकिलांना गाठलं. दत्तोपंतांनी सगळं ऐकून घेतलं.

"बैल घेतलास ना?"

"घेतला, साहेब."

"मग ते म्हणणार, मामला तिथंच मिटला. बैल परत केलास तर दावा उभा राहील. तरी आधीच सांगून ठेवतो, मोडलेलं हाड कोर्टाला दिसतं, दुखणं दिसत नाही."

घरी आल्यावर दगडोबानं हे सांगितलं. नर्मदाबाई भाकरी थापत होती. थापता थापता थांबली.

"पेरणी तोंडावर आली. ऱ्हाऊ द्या बैल."

"बैलाचं भरून येतं आन् तुझं न्हाई?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. मग म्हणाली, "मला काई नगं वो. कुन्या मोठ्या मानसानं येकदा म्हनावं, हिला लागलंय म्हनून. आत्याबाईच्या कानावर पडावं, बस."

दगडोबानं बैल स्वतः हाकत नेऊन जिनाच्या फाटकात बांधला. मुनीम हसला. पेरणी शेजारच्या ग्यानबाचा बैल आपल्या उरलेल्या बैलाला जोडून, सावडीनं झाली. ग्यानबाचं रान आधी, यांचं मागून. तोवर ओल उडून गेली आणि अर्ध्या शेतात ज्वारी विरळच उगवली.

दावा दाखल झाला आणि कोर्टात पेशीमागून पेशी, तारखेमागून तारीख पडत गेली. दर पेशीला ग्यानबाची गाडी मागायची, पोत्यात कडबा भरून नर्मदाबाईच्या पाठीशी लावायचा आणि हिंगोलीची वाट धरायची. गाडीच्या हादऱ्यांनी मान इतकी धरायची, की घरी आल्यावर ती दोन-तीन दिवस कूस बदलायला भ्यायची. कचेरीत गेल्यावर कळायचं, आज शेटजींचे वकील आले नाहीत, पुढची तारीख घ्या.

अखेर एकदा तिची जबानी झाली. कामकाज उर्दूत चाललं होतं. शेटजींच्या वकिलाचा सवाल कारकून मराठीत सांगायचा.

"घरी स्वयंपाक कोण करतं?"

"मीच."

"पाणी?"

"मीच. दुसरं कोन आनंल?"

"निंदायला गेली होतीस?"

"व्हय. न जाऊन कसं..."

"टक्कर झाली तेव्हा ड्रायव्हरनं विचारलं होतं, लागलं का. काय सांगितलंस?"

"न्हाई म्हनले. पन तवा दुखतच नव्हतं, साहेब. दुसऱ्या दिशी..."

"विचारलं तेवढंच सांग."

मग तिला तपासलेले सरकारी डॉक्टर उभे राहिले. हाड शाबूत आहे, म्हणाले. मानेवर डाग आहेत, पण ते बिब्ब्याचे. मोटारीनं झालेली इजा कुठं दिसत नाही.

मुन्सफ म्हातारे होते. त्यांनी नर्मदाबाईकडं चष्म्यावरून बराच वेळ पाहिलं. तिला वाटलं, आता हे म्हणतील, हिला लागलंय. ते कारकुनाला काहीतरी बोलले. कारकून म्हणाला, "साहेब म्हणतात, दुखत असेलही. पण सबूत नाही."

दावा खारीज झाला.

परतताना दगडोबा गाडी हाकत होता. नर्मदाबाई मागं कडब्याच्या पोत्याला टेकली होती. सेनगाव मागं पडलं. मग बैलांकडंच बघत त्यानं विचारलं, "नर्मदे, आता कोर्ट न्हाई, वकील न्हाई. खरं सांग. खरंच दुखतं का गं?"

तिनं ऐकलं. गाडीचं चाक एका धोंड्यावरून गेलं, तशी तिनं दोन्ही हातांनी मान धरली. दगडोबाची पाठ तिच्याकडं होती.

"गाडी थांबवा," ती म्हणाली.

"काहून?"

"थांबवा म्हनले ना."

ती उतरली आणि गाडीच्या मागं चालू लागली. त्याला वाटलं, रागावली. दोनदा त्यानं बस म्हणून पाहिलं. मग तिच्या चालीनं बैल सावकाश हाकत राहिला.

दिवाळीनंतर दत्तोपंतांचा निरोप आला, वरच्या कोर्टात दाद मागायची का? निरोप्या ओट्यावर बसला होता. दगडोबानं आत न विचारताच सांगून टाकलं, "न्हाई. आता पुरं झालं."

दाराआड नर्मदाबाई ज्वारी निवडत होती. तिला सगळं ऐकू आलं. तिनं सूप खाली ठेवलं, एका हातानं भिंत धरली, दुसऱ्या हातानं डोकं सावरलं आणि उठून चुलीकडं गेली. निरोप्याला चहा द्यायचा होता.