पोटापाशी सैल

वहिनीच्या शिलाई मशीनची सुई कुणीतरी बदलली होती. बायका नवऱ्यावर ठेवत नाहीत इतकी कडक नजर वहिनी त्या मशीनवर ठेवून असते. पडदा शिवायला बसली, दोन टाके सुटले आणि तिला कळलं. सुई काढून तिने बोटाच्या पेरावर टेकवून पाहिली.

"टोक गोल आहे. ही होजिअरीची सुई. वन्सं, तुम्ही हात लावलात?"

मी वरच्या मजल्यावर राहते आणि चहाच्या वेळेला खाली उतरते. माझं बटण तुटलं तरी ते लावायला वहिनीच लागते, हे तिला पक्कं ठाऊक. पण पहिला संशय नणंदेवर घ्यायचा, हा आमच्या नात्याचा मान आहे. मी तो मुकाट्याने घेतला.

उरला दादा. जमीन मोजणीच्या कचेरीत आयुष्यभर नकाशे काढले, आता निवृत्त होऊन घरी. वहिनी दिवसभर दुकानात कपडे अल्टर करायला बसते, म्हणजे दिवसभर घरात दादा आणि मशीन, दोघंच.

शोधायला फार कष्ट पडले नाहीत. कपाटावरच्या जुन्या नकाशांच्या गुंडाळीत कपडे बेतायच्या पॅटर्नचे पातळ कागद निघाले, विकत मिळतात ते, सगळ्या मापांच्या रेघा एकमेकींवर चढलेले. त्यातली एकच रेघ दादाने लाल पेन्सिलीने गिरवली होती, शेताची हद्द दाखवावी तशी. ते ज्या पाकिटातून येतात, ते पाकीट नव्हतं. कागदात गुंडाळलेला जवळजवळ तयार ड्रेस मात्र होता, गडद हिरवा, टी-शर्टसारख्या ताणणाऱ्या कापडाचा.

वहिनीने तो छातीशी धरला. दोन्ही बाजूंनी वहिनी बाहेर उरली.

"हा माझा नाही."

"ताणतं ते कापड," मी म्हणाले. "अंगापेक्षा लहानच कापतात."

"एवढं नाही ताणत. यात माझा एक दंड मावेल." तिचा आवाज पार खाली गेला होता. "या वयात, वन्सं?"

मला खरं तर हसू येत होतं. बाहेर भानगड करायची तर माणसाला निदान केस विंचरून निघावं लागतं, आणि दादाचा कंगवा वर्षानुवर्षं नवा आहे. पण वहिनीचा चेहरा बघून हसू गिळलं.

"घाला," ती म्हणाली.

"मी?"

"माप तुमचं वाटतंय."

आतल्या खोलीत जाऊन घातला. खांदे खांद्यावर बसले. माझे हात लांब, तरी बाह्या मनगटापर्यंत आल्या. तयार कपड्यांत असं कधी होत नाही. बाहेर आले तेव्हा वहिनीतली दुकानातली बाई जागी झाली आणि तिने मला गरकन फिरवलं.

"गळ्याची पट्टी ओढून शिवलीय, लाटा आल्यात. बाह्या बऱ्या आहेत. आणि हे काय? पुढचा भाग मागच्यापेक्षा चांगला चार बोटं लांब कापलाय. मग दोन्ही कडांना चुण्या घालून कसाबसा बसवलाय."

माझ्या पोटापाशी कापडाची रिकामी झोळी लोंबत होती. ती आवळून दाखवायला वहिनीने तिच्यात हात घातले आणि हात तिथेच थांबले.

चुण्या दोन्ही बाजूंना अगदी सारख्या होत्या. टेबलावरच्या कागदावरही त्या छापलेल्याच होत्या. दादा चुकला नव्हता.

"वन्सं, हा तुम्हाला बसतोय."

"हो."

"बरोबर बसतोय."

या घरात माझ्या अंगाचं दुसरं माणूस एकच. चिंगी, दादा-वहिनीची लेक. अंगाने आत्यावर गेली, असं वहिनी पूर्वी तक्रारीच्या सुरात सांगायची. वहिनीला नको असलेल्या माणसाबरोबर चिंगी राहायला गेली, त्या दिवशी दारात उभी राहून वहिनीने बजावलं होतं की या घरात पुन्हा तिचं नाव निघता कामा नये. आम्ही ते पाळलं. निदान मी तरी.

वहिनी जमिनीवर बसली. खुर्ची शेजारीच होती, तिला ती दिसली नाही.

तेवढ्यात दादा आला. हातात हिरव्या दोऱ्याचं रीळ, काखेत ते पाकीट. पाकिटावरच्या चित्रातली बाई पोटावर हात ठेवून हसत होती. त्याने माझ्याकडे पाहिलं, मग खाली वहिनीकडे.

"कितवा?" वहिनीने विचारलं.

"सातवा."

"भेटता तुम्ही तिला."

"दर आठवड्याला."

आता माझं तोंड उघडंच राहिलं. पत्ते खेळताना हातातली पानं ज्याच्या चेहऱ्यावर वाचता येतात, त्या माणसाने हे पोटात ठेवलं होतं.

"तिचा एकूण एक फ्रॉक मी शिवलाय," वहिनी म्हणाली. "आणि हा तुम्ही शिवता?"

"तिनेच सांगितलं. मी म्हटलं, अगं, मला सुईत दोरा ओवता येत नाही. म्हणाली, शिका बाबा." दादा रिळाकडे बघत राहिला. "म्हणाली, आईचा टाका नको."

मग हातांना दुसरं काम सुचेना म्हणून असेल, दादा गुडघ्यांवर बसला, टाचण्या तोंडात धरल्या आणि माझ्या पायांपाशी खालची दुमड घालू लागला. तेवढीच राहिली होती.

वहिनी बघत होती.

"तिथे दुमडलंत तर पुढून गुडघ्याच्या वर जाईल," ती म्हणाली. "पोट कापड उचलतं."

दादाचे हात थांबले.

ती उठली, खुर्चीवरची उशी घेतली, ड्रेसच्या आत सारली आणि कापडाच्या पट्टीने माझ्या कमरेला बांधू लागली.

"अगं, तिने सांगितलंय ना," दादा टाचण्यांमधून पुटपुटला.

"शिवायचं नाही, असं सांगितलंय. मी शिवत नाहीये. उशी बांधतेय."

उशी घसरली. "सातव्यात एवढं खाली नसतं," म्हणत तिने ती वर घेतली आणि कोपरे आत दाबून दाबून गोल केली. या वयात मला भर दिवाणखान्यात पोट आलं, आणि कुणीच हसलं नाही. मीसुद्धा.

मग वहिनीने उशीवर तळवा ठेवला. काढला नाही.

"मोजा आता," ती म्हणाली.

दादा टेप हातात धरून तसाच बसून राहिला. मी श्वास रोखला. घेतला असता तर उशी हलली असती.