खंडेनवमीचा विसावा

मित्रांनो, मी एक जुनी हार्डडिस्क आहे. गुळेदगुड्डच्या एका विणकराच्या घरी, संगणकाच्या पत्र्याच्या पेटीत स्क्रूंनी जखडलेली. माझ्या पोटातल्या चकत्या गरागरा फिरतात आणि फिरता फिरता सगळं लक्षात ठेवतात. मला वाचता येत नाही, पण सांभाळण्यात माझा हात कोणी धरू नये.

तुमच्या आजीच्या चोळीचा खण आमच्या गावचा. त्यावरच्या नक्षी शिवपुत्रप्पा काढायचे. आधी कागदावर, मग संगणकावर. हत्तीची पावलं, कवड्या, मंजिऱ्या. कागद वाळवीने खाल्ले, पुढे शिवपुत्रप्पाही गेले, आणि त्या नक्षी साऱ्या जगात फक्त माझ्यापाशी उरल्या. त्यांच्यावर घरचे माग चालत आणि मागांवर घरची चूल. त्यांची बायको निंगव्वा आल्यागेल्याला पेटी दाखवून सांगायची, "आमचे मालक इथं बसलेत." मी फुगून जायचे.

मग माझ्यातून आवाज येऊ लागला. टक्. टक्. निंगव्वा म्हणाली, "पाल असेल." सून दाक्षायणीने पेटीला कान लावला आणि तिचा चेहरा उतरला. तिने मौलासाब मेस्त्रीला बोलावलं.

त्याने पेटीची एक बाजू उघडली, माझ्या खालच्या रिकाम्या कप्प्यात एक नवी डिस्क सरकवली, स्क्रू आवळले आणि तारा जोडल्या.

"ही कोण?" निंगव्वाने विचारलं.

"दुसरी डिस्क, अव्वा. जुनीतलं सगळं हिच्यात उतरवायचं."

"पहिली जिवंत असताना दुसरी? माझ्या नवऱ्याची छाती झाली नाही, ते तू माझ्या घरात करून दाखवलंस!"

मौलासाब खो खो हसला. मला नाही हसू आलं. सवत आणून बसवली होती आणि ती साधा श्वाससुद्धा ऐकू देत नव्हती.

निघताना मात्र तो दाक्षायणीला हळूच म्हणाला, "अक्का, उतरवणं सुरू केलंय. बाजू उघडीच राहू द्या, तापते ती. पुरं होईपर्यंत संगणक बंद करू नका. फिरतेय तोवर म्हातारी फिरेल. थांबली तर उठेलच असं नाही."

दुसऱ्या दिवशी खंडेनवमी होती. आदल्या दिवशी धुतलेल्या मागांना सकाळीच झेंडू वाहिला, धोटे आणि कात्र्या पाटावर मांडल्या. मग निंगव्वा ताट घेऊन माझ्यापुढे आली.

"बंद कर हिला."

"नको, आत्याबाई. निम्म्या नक्षी अजून उतरायच्यात. मौलासाब म्हणाला..."

"मौलासाब आता सण सांगणार आपल्याला? गावात आज एक माग वाजत नाही. ही एकटीच राबणार होय? राबणाऱ्याला वर्षाचा एक दिवस तरी पाठ टेकू द्यावी. तुझ्या सासऱ्यानं, दारात व्यापारी खोळंबला तरी, हा दिवस मोडला नाही."

"आणि उठली नाही तर?"

"विसाव्यानं कोणी मेलंय का गं?"

तिने स्वतःच्या हाताने वीज बंद केली. चकत्या मंदावल्या. थांबल्या. उघड्या पेटीत हात घालून तिने मला हळदकुंकू लावलं, सवतीलाही लावलं. बोट ऊबदार होतं. फार मायेने लावलं, मित्रांनो. तेच वाईट. दिवसभर दाक्षायणी येऊन माझ्यावर हात ठेवून जायची. मी गार पडत चालले होते.

दसऱ्याला बटण दाबलं. मी उठेना. पुन्हा दाबलं. कुंथत, खरडत एकदाची उठले आणि होतं नव्हतं ते सवतीच्या पदरात घालू लागले. हत्तीची पावलं गेली, मंजिऱ्या गेल्या. राहता राहिला रथ, शिवपुत्रप्पांनी शेवटच्या आजारपणात काढलेला, अजून एकदाही न विणलेला. अर्धा रथ गेला आणि माझा आवाज बंद पडला.

पडद्यावर चाकं दिसली. कळस नव्हता.

"वरचं कुठाय?" निंगव्वाने विचारलं.

"गेलं, आत्याबाई."

निंगव्वाने पदराने पडदा पुसून पाहिला, मग ती माजघरात गेली.

मौलासाबने सवतीला घर चालवायला शिकवलं आणि माझी तार काढली. "ही फेकून द्या. आणि अक्का, नक्षींची अजून एक प्रत या पेटीबाहेर ठेवा."

"पुजलेली वस्तू फेकत नाहीत," आतून निंगव्वाचा आवाज आला. "असू दे तिथंच. आणि नवी आलीय ना आता? अजून किती सवती नांदवू?"

"ठेवू की सवडीने," दाक्षायणी म्हणाली. ती सवड काही आली नाही.

म्हणून मी अजून माझ्याच कप्प्यात आहे, तारेवाचून, कपाळावर वाळक्या कुंकवाचा डाग घेऊन. सवत आता जुनी झाली. मित्रांनो, आम्हाला ओरडता येत नाही, आम्ही नुसतं टकटकतो. ते ऐकत जा. जे एकाच ठिकाणी ठेवलंय, ते ठेवलंय असं समजू नका.

कालपासून खालच्या कप्प्यातून आवाज येतोय. टक्. टक्. घरात तो अजून कोणी ऐकलेला नाही.

बाहेर माग धुताहेत. उद्या खंडेनवमी आहे.