ठिणगीच्या घरचा वजनकाटा

"पुन्हा असं पाणी बंद करून वजन उतरवलंस, तर तुझी मूत्रपिंडं साथ देणार नाहीत," असं डॉक्टरांनी ठिणगीला बजावलं होतं. घरी आल्यावर तिनं ते हसत हसत आईला सांगितलं. तेव्हा ती माझ्यावरच उभी होती. "मी म्हटलं, डॉक्टर, बारीक व्हायला लोक पैसे मोजतात, मला उलट मिळतात!" आई मात्र हसली नाही.

मित्रांनो, मी एक जुना वजनकाटा आहे. न्हाणीघराच्या दाराशी माझी जागा. कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंग बसवली, वर गोल तबकडी आणि तिच्यावर लाल काटा. बाजूला एक छोटं चाक आहे. ते फिरवून काटा शून्यावर आणायचा. लोखंडी वजनं ठेवून मला तपासलं आणि मी खरा ठरलो. त्याचा मला फार अभिमान होता.

या घरात मी आलो तेव्हा ठिणगी तान्ही होती. अशक्त, किरकिरं बाळ. आई तिला घेऊन माझ्यावर उभी राहायची, मग तिला खाली ठेवून एकटी उभी राहायची आणि वजाबाकी करायची. आकडा जरासा वाढला, की "वाढलं गं माझं सोनं!" म्हणत तिच्या तळपायांचे मुके घ्यायची. 'वाढलं' हा शब्द तेव्हा किती गोड वाटायचा म्हणून सांगू!

हेच बाळ पुढे बॉक्सर झालं. रिंगणात अशी चपळ, की लोक तिला ठिणगीच म्हणू लागले. तिच्या कमाईवर घर चालू लागलं. पण बॉक्सिंगमध्ये वजनाचे गट असतात. लढतीच्या आदल्या दिवशी सगळ्यांसमोर वजन होतं आणि ते गटाच्या वर जाऊन चालत नाही. मग ठिणगी प्लॅस्टिकचे कपडे घालून धावायची, पाण्यानं नुसती चूळ भरून थुंकायची. तिचे सर म्हणायचे, "सगळेच करतात गं. एकदा वजन दे, मग पी हवं तेवढं." आता आकडा जरा वर दिसला, की ती मला लाथ मारून म्हणायची, "वाढलं मेलं!" आणि उतरला की मला कपड्यानं पुसायची. माझं कौतुक तेवढंच.

मग पट्ट्याची, म्हणजे अजिंक्यपदाची लढत ठरली. तिच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी. तिचे ओठ फुटले होते, गाल आत गेले होते. आई ग्लास घेऊन मागे मागे फिरत होती.

"एक घोट घे."

"आई, तू जा ना. ग्लास नुसता बघितला तरी वजन वाढतं माझं."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"ही एकच लढत गं. पट्टा आणते, मग तू भरवशील तेवढं खाते. बस?"

ती पळायला बाहेर पडली. आई माझ्याजवळ उकिडवी बसली. तिनं चाक फिरवलं आणि लाल काटा शून्याच्या जरासा मागे नेला. आता मी खऱ्यापेक्षा कमी वजन दाखवणार होतो. "तिथे वजन जास्त भरलं तर लढत रद्द होईल," ती स्वतःशीच पुटपुटली. "होऊ दे. पोर तर राहील."

ठिणगी परत आली, माझ्यावर चढली आणि ओरडली, "आई, उतरलं! पार खाली गेलंय!" मग उभ्या उभ्याच ती ग्लासभर पाणी प्यायली. पुन्हा एक. आई तिच्या गळ्याकडे बघत राहिली. इतक्या आनंदानं पाणी पिताना मी कुणाला पाहिलेलं नाही.

आईला एक नियम ठाऊक नव्हता. वजन जास्त भरलं, तर लगेच लढत रद्द होत नाही. ते उतरवायला थोडा वेळ देतात.

दुसऱ्या दिवशी तिचे कपडे न्यायला सर घरी आले, तेव्हा मला ते कळलं. "ताई, मिळालेल्या वेळात ती प्लॅस्टिकचे कपडे घालून वाफेच्या खोलीत गेली. तिथेच कोसळली. दवाखान्यात आहे. पण घरी उतरलं होतं ना? तिथे जास्त भरलं कसं?"

आईनं कपड्यांची पिशवी त्यांच्या हातात दिली. सर गेल्यावर तिनं चाक पुन्हा जागेवर आणलं.

मूत्रपिंडं गेली ती गेलीच. आता ठिणगी दिवसाआड दवाखान्यात रक्त शुद्ध करणाऱ्या यंत्राला जोडून घ्यायला जाते. पाणी छोट्या वाटीनं मोजून मिळतं. रोज सकाळी आई तिला धरून माझ्यावर उभी करते. शरीरात पाणी साठलं, की आकडा वाढतो आणि आई वाटीतलं पाणी आणखी कमी करते. भेटायला येईल त्याला ठिणगी सांगते, "माझंच चुकलं हो. एवढं उतरलं होतं आणि मी हावऱ्यासारखं पाणी प्यायले." आई तेवढ्यात आत निघून जाते.

मित्रांनो, मी वजन दाखवतो. माणसाला किती तहान लागली आहे, ते मला दाखवता येत नाही. ते तुम्ही विचारत जा.

आणि या घरी कधी आलात, तर ठिणगीला सगळेच भेटतात, तुम्ही तिच्या आईला भेटा. ती न्हाणीघराचं दार लावून, नळ सोडून बसलेली असते. दार वाजवा. "काही नाही, आलेच," असं म्हणेल. तरी जाऊ नका. ती बाहेर येईपर्यंत तिथेच थांबा.