पिठाच्या वाटीत कालवलेली पावडर

घरात सगळं शांत होतं. झोळीत बाळ झोपलेलं, मागच्या दारी चुलीवर पाणी तापत ठेवलेलं. तेवढ्यात मोरीतून ‘टण्ण’ असा आवाज आला. झोळी जराशी हलली आणि पुन्हा थांबली.

तो आवाज माझा होता. श्रद्धाने मला मोरीच्या कट्ट्यावर ठेवलं, पण घाईत जरा आपटलंच.

मित्रांनो, मी एक जुनी काशाची वाटी आहे. पळसदरीच्या या घरात मी श्रद्धाच्या सासूबरोबर, म्हणजे आनंदीबाईंबरोबर आले. कोंडाण्याला माहेरी पहिलं बाळंतपण करून त्या सासरी निघाल्या, तेव्हा त्यांच्या आईने मला बाळाच्या दुपट्यांत गुंडाळून दिलं होतं. माझं काम ठरलेलं. माझ्यात डाळीचं पीठ, हळद आणि साय भिजवायची. त्याचा मऊ गोळा करून तो बाळाच्या कपाळावर, दंडांवर, पाठीवर फिरवायचा. जन्माची बारीक लव गोळ्याला चिकटून निघते. मग माझ्या बुडाला तूप लावून बाळाचे तळवे घासायचे. तळवे घासताना बाळं जांभया द्यायची. ते मला फार आवडायचं.

आधी संतोष, मग त्याची बहीण छाया, पुढे संतोष-श्रद्धाची अंतरा. सगळ्यांची अंगं माझ्यातल्या पिठाने उजळली. “छायाची कातडी बघा कशी केतकी. वाटीचा गुण हाय,” असं आनंदीबाई आल्यागेल्याला सांगायच्या. मी ऐकून चमकायचे.

दोन बाळांच्या मधली वर्षं मात्र मी फळीवर काढली. पोटात सेफ्टी पिना, तुटकी बटणं, एक एकटंच कानातलं. एकदा पालीने माझ्यात अंडी घातली. तेव्हा वाटलं, याहून घाण काही माझ्या नशिबात येणार नाही. तो माझा भाबडेपणा होता.

अंतराच्या पाठीवर धाकटी बहीण झाली आणि मी पुन्हा खाली आले. रोज सकाळी श्रद्धा माझ्यात पीठ भिजवून मला मागच्या दारी दगडावर ठेवायची, आनंदीबाई बाळाला पायांवर घेऊन न्हाऊ घालायच्या. कधी कोणाला सांगावं लागलं नाही.

मग छायाचं लग्न ठरलं. मेंदीच्या नक्षीचे फोटो बघत सगळ्या बसल्या होत्या. छाया म्हणाली, “वहिनी, तुझ्या हातावर मेंदी काढायची तर आधी गवत कापाय लागंल गं.”

सगळ्या हसल्या. आनंदीबाई पदर तोंडाला लावून हसल्या. श्रद्धाही हसली आणि हळूच तिने बाह्या मनगटापर्यंत ओढल्या. शेजारी बसलेल्या अंतराने आपले हात उलटेसुलटे करून पाहिले. ते फक्त मी पाहिलं.

त्यानंतर बाळाला पाजताना श्रद्धाच्या मोबाइलवर तीच एक जाहिरात दिसू लागली. ‘रेशीमकाया पावडर. पाण्यात कालवा, लावा, पुसा. त्वचा लोण्यासारखी.’ जाहिरातीतल्या बाईच्या हातावर पावडर लावण्याआधीच एक केस नव्हता. ती नेमकं काय काढत होती, देव जाणे. पण श्रद्धाने पावडर मागवली.

आता त्या ‘टण्ण’च्या सकाळचं सांगते. संतोष मोहोपाड्याला कंपनीत गेला होता. आनंदीबाई बाहेर चुलीत लाकडं सारत होत्या. श्रद्धाला वेळ मिळाला तो एवढाच. खाण्याची वाटी बाटवायला नको, म्हणून तिने मला उचललं. पाकिटावर मुंगीएवढ्या अक्षरांत लिहिलं होतं, ‘धातूच्या भांड्यात कालवू नये.’ ते वाचायला तिला सवड नव्हती, मला तोंड नव्हतं.

पहिल्यांदा गुलाबाचा वास आला. पाणी पडताच तो गुलाब कुजला. नासकी अंडी, तुंबलेलं गटार आणि त्यावर शिंपडलेलं स्वस्तातलं अत्तर, असं काहीतरी माझ्या पोटात बुडबुडू लागलं. मला शिसारी आली. वाटीला ओकता येत नाही, एवढंच माझं दुर्दैव.

श्रद्धाने नाकाला ओढणी बांधली आणि तो चिखल डाव्या हातावर थापला. थोड्या वेळाने ती ओठ चावू लागली. मग चमच्याने खरवडू लागली. केस निघेनात, त्यांचा लगदा झाला. काळपट, बुळबुळीत, अर्धवट विरघळलेला लगदा ती वर्तमानपत्रावर पुसत होती आणि तोंड फिरवत होती. खाली हात लालभडक.

दार किलकिलं झालं. अंतरा. “मम्मी, रडतेस का?”

“नाय गं. जळजळतंय जरा. जा तू.”

तिने हात धुतला, वर्तमानपत्र गुंडाळून पिशवीत कोंबलं आणि बर्फ घ्यायला आत पळाली. उरलेली पावडर मोरीत कोणाच्या पायाखाली येऊ नये, म्हणून जाता जाता मला मागच्या दारी ठेवून गेली. सवयीने हात गेला तो त्याच दगडावर.

आनंदीबाई बाळाला घेऊन आल्या. पायांवर आडवं केलं. त्यांना पडसं झालेलं, नाक चोंदलेलं. त्यांनी माझ्यात पाहिलं. पिवळट, ओलं. रोजच्यासारखंच.

“आज सैल भिजवलंय,” त्या पुटपुटल्या आणि डब्यातलं सुकं पीठ वर भुरभुरलं.

मित्रांनो, इतकी वर्षं मी या घरातल्या बाळांच्या अंगाला लागत आले. त्या दिवशी मला गडगडून पालथं व्हायचं होतं. पण वाटी ठेवली तिथेच राहते. आनंदीबाईंनी दोन बोटं बुडवून बाळाच्या पाठीवर टेकवली. बाळ किंचाळलं.

“आजी, ते मम्मीचं केस काढायचं हाय,” अंतरा दारातून ओरडली. “मम्मीला जळलं त्यानं.”

आनंदीबाईंनी तापल्या पाण्यात थंड पाण्याची कळशी ओतली आणि बाळाच्या पाठीवर तांब्यावर तांब्या पाणी घालत राहिल्या. श्रद्धा धावत आली. दोघींनी मिळून पाठ धुतली, पुसली, पुन्हा धुतली. खाली हरभऱ्याएवढा लाल डाग उरला. बाळ हुंदके देत देत आईला प्यायला लागलं, तेव्हा कुठे दोघी खाली बसल्या.

“हे विष माझ्या बाळांच्या वाटीत कालवलंस तू,” आनंदीबाई म्हणाल्या.

“चुकलं आई. तुमी सगळ्या हसलात, मग मागवलं.”

 आनंदीबाईंनी मला ओढलं, पावडर राखेत ओतली आणि चिंच लावून घासायला बसल्या. मी आतून काळी पडले होते, तव्यासारखी. त्यांनी जोर लावला, पुन्हा चिंच लावली. काळं निघेना. आणि तो वास माझ्याच अंगातून येत होता. स्वतःच्या वासाची किळस येणं फार वाईट, मित्रांनो.

तुमच्या घरी माझ्यासारखी एखादी असेल, तर तिच्यात लोणी ठेवा, फुलं ठेवा, पिनासुद्धा ठेवा. घासूनपुसून तिला उन्हात पालथी घाला. पण जाहिरातवाल्यांचा चिखल तिच्यात कालवू नका. भांडं घासता येतं, सगळंच धुऊन निघत नाही.

“दे तो हात हिकडं,” आनंदीबाईंनी श्रद्धाच्या लाल हाताला खोबरेल लावलं. हलक्या हाताने, बाळाला लावतात तसं. “पीठच बरं बाय. हळूहळू काढतं, जाळत नाय. उद्यापासनं दुसऱ्या वाटीत भिजव.”

अंतरा इतका वेळ बाळाच्या दंडावरची सोनेरी लव बोटाने कुरवाळत होती. तिने आईच्या हाताकडे पाहिलं, मग स्वतःच्या.

“पिठानं पण बाळ रडतंच ना मम्मी,” ती म्हणाली. “मग हे केस नको कोणाला हायत?”