विषय : भिंत

टेलरबाईंच्या त्या पत्राला नानांनी उत्तर दिले नव्हते. टपाल तुंबू देणाऱ्यांतले नाना नव्हेत. पण हे पत्र पुढ्यात घेतले की त्यांचा हात आखडायचा. बाईंचे दुकान नगरपालिकेच्या जुन्या गोदामाला लागून होते आणि गोदामाची भिंत दुकानाकडे कलली होती. बाईंनी लिहिले होते :

"तुमची उत्तरं वेळेवर येतात, आभारी आहे. प्रत्येकात माझ्या अर्जाचं काय झालं ते असतं. भिंतीचं काय झालं ते कुठंच नसतं. अर्ज पडून राहिला तर मला काही होणार नाही हो, भिंत पडली तर होईल. आता अर्जाबद्दल लिहू नका. भिंतीबद्दल लिहा."

नाना नगरपालिकेत नोंदणी कारकून होते. आलेला कागद संगणकात चढवायचा, त्याला क्रमांक द्यायचा, ज्याच्या त्याच्या विभागाकडे पाठवायचा आणि अर्जदाराला तसे कळवायचे. विभागाने तो पुढे ढकलला की पडद्यावर त्याच्यासमोर हिरवा ठिपका उमटे. हिरवा म्हणजे निकाली. बाईंचा पहिला अर्ज बांधकामाने मालमत्तेकडे धाडला, हिरवा. दुसरा मालमत्तेने गोदाम विभागाकडे, हिरवा. तिसरा गोदामाने परत बांधकामाकडे, तोही हिरवा. याची टोपी त्याच्या डोक्यावर घालण्याचा खेळ जुनाच होता, पण आता प्रत्येक टोपीला शाबासकी मिळत होती. अर्ज निकाली काढण्यात पहिला नंबर आल्याची ढाल साहेबांच्या खोलीत दिमाखात टांगली होती.

संगणक बसवण्याच्या बैठकीत नानांनी जन्मात एकदा तोंड उघडले होते. "साहेब, समजा एक पूल आहे. तर पुलाचं एक पान करावं, आणि त्याच्याबद्दलचा प्रत्येक कागद, कुठल्या का विभागाचा असेना, त्या पानाला लावावा. माणसं पुलाबद्दल विचारतात. कागदाबद्दल कोण विचारतो?"

"नाना, हे ऑफिस आहे, लायब्ररी नाही," साहेब म्हणाले. सगळे हसले. नानाही हसले, आणि आपण काहीतरी खुळ्यासारखे बोललो म्हणून पुढे कितीतरी दिवस मनातल्या मनात कुढत राहिले.

शेवटी एका शनिवारी ते भिंत पाहायला गेले. शर्टाचे बटण तुटले होते, ते निमित्त. आपण कुठले, हे सांगायचा धीर काही झाला नाही.

"अंगावरच लावते. हलू नका," टेलरबाई म्हणाल्या. "सुई आहे, नगरपालिका नाही. टोचली की लगेच कळेल."

नाना हलले नाहीत. भिंतीला पोट आले होते, खालचा भाग ओला होता, आणि तिला टेकून एक छोटी खाट होती. खाटेवर बाईंचा नातू पालथा पडून झोपला होता.

"खाट हलवत का नाही?"

"जागेचा मालक मागची खोली उघडून देत नाही. म्हणतो, उगाच घाबरता. मुलगा म्हणतो, आई, तुला भिंतीतलं काय कळतं? धोका असता तर नगरपालिकेनं सांगितलं नसतं का?" त्यांनी दाताने दोरा तोडला. "त्यांचं गप्प बसणं म्हणजेच दाखला झालाय, काका."

सोमवारी नाना ऑफिसात सगळ्या विभागांचे संगणक पाहणाऱ्या मुलीशेजारी जाऊन बसले.

"क्रमांक सांगा, नाना."

"क्रमांक नाही. भिंत."

"भिंत असा रकानाच नाहीये."

मग दोघांनी एकेक विभाग उपसायला घेतला. बाईंचे अर्ज मिळाले. पाणीपुरवठ्यात एक टिपण मिळाले : गोदामाच्या पायाशी नळ गळतो आहे. पाणीवाल्यांना नळ दिसला, भिंत दिसली नाही. आणि दिवस संपता संपता, तपासणी अहवालांच्या गठ्ठ्यात, तीन वर्षांपूर्वीच्या अभियंत्याच्या दोन ओळी मिळाल्या. पाया खचला आहे, भिंत उतरवावी. तोवर लगतची माणसे हलवावीत.

अहवाल सादर झाला, म्हणून हिरवा.

त्याखाली चढवणाऱ्याचे नाव होते. मुलीने ते वाचले आणि पडदा खाली सरकवला. नाव नानांचे होते. त्यांनी कागदाचा प्रकार पाहिला होता, वर्ष पाहिले होते. कागद वाचायचा असतो, असे कुणी त्यांना सांगितले नव्हते, आणि त्यांनीही कुणाला विचारले नव्हते.

नानांनी पुढे ठेवलेले सगळे कागद साहेबांनी चाळले. "हे असं एकत्र कुणी मागितलंय?"

"बाईंनी."

"त्यांच्या एकाही अर्जाचं उत्तर बाकी नाही."

"भिंत बाकी आहे, साहेब."

"भिंतीचा वेगळा अर्ज आलाय का?"

साहेब थट्टा करत नव्हते. याचाच नानांना भयंकर संताप आला. त्यांनी अहवालावर बोट ठेवले. "तीन वर्षं पोर तिथं झोपतंय. इथं प्रत्येकाला थोडं थोडं ठाऊक होतं, आणि सगळं मिळून कुणालाच ठाऊक नव्हतं. मलासुद्धा नाही. हे काय काम झालं, साहेब?"

"विभागवार कळवू. तुम्ही निवृत्तीला आलात, नाना. जपून."

नाना तडक टेलरबाईंकडे गेले. या वेळी कुठले ते सांगितले. खाट आज हलवा, म्हणाले. बाईंनी मशीन थांबवले.

"म्हणजे त्या दिवशी बटण लावून घेतलंत, ते तुम्ही?"

"हो."

"नातवाला मी माझ्याजवळ निजवीन, भिंतीपासून लांब, जमिनीवर. पण मालकाला तोंडी सांगून काय होणार? तुम्ही आज सांगून गेलात आणि उद्या ऑफिसनं कानावर हात ठेवले तर? लिहून द्या. टपालानं, तारखेच्या शिक्क्यासकट."

नानांनी घरी बसून साध्या कागदावर बाईंना पत्र लिहिले. विषय, भिंत. मग सरळ हकीकत : पाया केव्हा खचला, नळ कुठे गळतो, कुणाला काय माहीत होते आणि कधीपासून. अहवाल संगणकात मी चढवला होता, हेही लिहिले. 'निकाली' हा शब्द कुठेही आला नाही. सगळ्या कागदांच्या नकला मागे जोडल्या.

टपालखिडकीतल्या माणसाने पाकीट उलटून पाहिले. "पाठवणाऱ्याची जागा कोरी आहे, नाना. ऑफिसचा पत्ता घालू ना? नेहमीसारखा?"

"नको."

नानांनी पेन मागून घेतले आणि आपले नाव आणि घरचा पत्ता लिहिला. मागे रांग खोळंबली होती, तरी त्यांनी पिनकोडचा शेवटचा आकडा पुन्हा गिरवला. माणसाने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या ढिगावर टाकले.